फायो म्हणजे चूक नाही

प्रश्न : ताई, मी भुसावळची. स्पॅनिशची बी२ परीक्षा झाली, आता घरूनच ट्रान्सलेशनची कामं घेते. परवा स्पेनच्या एका कोर्टाची फाईल इंग्लिशमध्ये करायला आली, त्यात सेंतेन्सिया, आउतो आणि प्रोविदेन्सिया असे तीन प्रकारचे कागद आहेत आणि डिक्शनरी तिघांनाही रूलिंग नाहीतर डिसिजन दाखवून राहिली. सगळीकडे रूलिंग टाकलं तर चालेल का? आणि शेवटी 'फायो' असं हेडिंग आहे, फायो म्हणजे चूक ना, मग कोर्ट स्वतःच्या निकालात चूक असं कशाला लिहील?

उत्तर : हसले गं, पण तुला नाही, मला स्वतःलाच, कारण पहिल्या फाईलला मीपण तिथंच अडकले होते. बोलताना फायो म्हणजे बिघाड, चूक हे बरोबरच आहे, पण कोर्टात तो 'फायार' म्हणजे निवाडा देणे यातून येतो. आपल्याकडच्या मराठी निकालात शेवटी 'आदेश' असं मधोमध लिहून खाली 'दावा खर्चासह फेटाळण्यात येतो' असतं ना, तोच हा भाग. इंग्लिशमध्ये मी ऑपरेटिव्ह पार्ट लिहिते.

आता तीन कागदांचं. आमचे आप्पा अमळनेरला एका वकिलांकडे कारकून होते, संध्याकाळी घरी आले की आई विचारायची निकाल लागला का, आणि ते चप्पल काढता काढता म्हणायचे, निकाल कुठला, निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, ऑर्डर झाली फक्त. आईला दोन्ही सारखंच, आप्पांना नाही. तू आप्पांसारखं बघ.

सेंतेन्सिया म्हणजे निकाल, जजमेंट. आधी प्रकरणाची हकीकत, मग कायद्याची कारणं, मग फायो. याला सेंटेन्स चुकूनही लिहू नको, फौजदारीत आरोपी निर्दोष सुटला तरी कागदाचं नाव सेंतेन्सियाच असतं, म्हणजे तू सुटलेल्या माणसाला शिक्षा ठोकून मोकळी होशील. शिक्षेला तिकडे 'पेना' म्हणतात. आउतो म्हणजे तूर्तातूर्त मनाईवर होते तशी कारणं देऊन केलेली ऑर्डर, पण तिला किरकोळ समजू नको, फौजदारी तपास बंद करतात तोही आउतोनेच. प्रोविदेन्सिया म्हणजे आपल्या रोजनाम्यातल्या, कोर्टाच्या रोजच्या नोंदवहीतल्या, ओळीसारखं, अर्ज दाखल, समोरच्याला प्रत द्या, एवढंच, त्याला प्रोसिजरल ऑर्डर पुरे. स्पेनच्या १९८५च्या न्यायसंस्थेच्या कायद्यातच हे तिघं वेगळे मांडलेत, मग तू एका शब्दात कोंबलंस तर वाचणाऱ्या वकिलाला कोणता कागद कोणता ते कळणारच नाही. पहिल्यांदा येईल तिथे इंग्लिश शब्दाशेजारी मूळ स्पॅनिश शब्द तिरक्या अक्षरात ठेव.

फाईलमध्ये 'देक्रेतो' दिसला तर लगेच डिक्री लिहू नको. आपली डिक्री म्हणजे हुकूमनामा, कोर्टाचा. तिकडचा देक्रेतो जज काढतच नाही, कोर्टाचा कायदेशीर अधिकारी काढतो, ज्याला २०१५ पर्यंत सेक्रेटरी म्हणायचे.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो 'देफिनितिवा' आणि 'फिर्मे'मध्ये. एका फाईलमध्ये मी सेंतेन्सिया देफिनितिवाला बिनधास्त फायनल जजमेंट लिहून पाठवलं, शब्द तसाच दिसतो ना! तपासणारीचा रात्री साडेदहाला फोन, ताई, पार्टीला वाटेल केस संपली. आणि खरंच संपली नव्हती. देफिनितिवा म्हणजे त्या कोर्टापुरतं प्रकरण निकाली, वर अपील करता येतं, दिवाणीत कामाचे २० दिवस मिळतात. अपिलाची वाटच उरली नाही की ती फिर्मे. म्हणून मी आता फिर्मेला फायनल अँड नॉन-अपीलेबल लिहिते, आणि देफिनितिवाला खालच्या कोर्टाचा निकाल हे वाक्यातच उलगडून सांगते, लांब होतं, होऊ दे. फर्म जजमेंट मात्र लिहू नको, तसलं इंग्लिश कुठल्याच कोर्टात नाही.

आणि भो, देश बघ आधी. आज स्पेन आहे, उद्या कोलंबियाची फाईल येईल, तिथं प्रोविदेन्सिया हे जजच्या सगळ्या निर्णयांचं एकत्र नाव आहे, आउतो आणि सेंतेन्सिया दोन्ही त्यात येतात. म्हणजे स्पेनमधला सगळ्यात धाकटा तिथं घरातला थोरला. मी या शब्दांची वही देशाप्रमाणे वेगळी ठेवते, एका पानावर दोन देश नाही.

रेट अजून ठरवला नसशील तर पहिली पाच पानं वाचूनच ठरव. तिथं एकेक वाक्य पाऊण पानभर चालतं, पूर्णविराम शोधत बसावं लागतं.