विहिरीला पेट्रोलचा वास आणि लेकीचं करिअर

पत्र : आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. आमच्या घरामागे चार घरं सोडून एक विहीर आहे. गेल्या श्रावणात तिच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. वरच्या अंगाला, रस्त्याकडेला पेट्रोल पंप आहे. पुढे गाडी घेऊन माणसं आली, यंत्रानं भोकं पाडली, त्यात नळ्या बसवल्या, बाटल्या भरून नेल्या. माझी मुलगी टीवायला आहे, मेजर जिऑलॉजी, मायनर केमिस्ट्री. दोन दिवस ती त्यांच्या मागे मागे होती. आता म्हणते, मला हेच करायचंय. तिचे वडील म्हणतात, माती हुंगत फिरायचा कसला आलाय धंदा, बी.एड. कर. यात पगार मिळतो का? मुलीच्या जातीला जमेल का? तब्येतीला धोका नाही ना? – एक आई

ताई, नमस्कार.

करिअरचं मागाहून बोलू, आधी विहिरीचं. तिचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला बंद केलंत की नाही, ते पत्रात नाही. उकळून वापरत असाल तर तेही थांबवा. उकळल्यानं जंतू मरतात. पेट्रोलमधलं बेन्झिन नावाचं विषारी रसायन मात्र वाफेबरोबर घरात पसरतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता यजमानांचं वाक्य. ‘माती हुंगत फिरायचं’ वाचून मला हसू आलं, कारण या कामावर रुजू झालेल्या पोरांना पहिल्याच दिवशी तंबी मिळते ती हीच, की माती हुंगायची नाही. बेन्झिननं रक्ताचा कॅन्सर होतो. म्हणून भोकातून निघालेली मूठभर माती पिशवीत बांधतात, थोडा वेळ तशीच ठेवतात आणि मग पीआयडी नावाच्या हातातल्या यंत्राची नळी पिशवीत खुपसतात. आतल्या हवेत किती वाफ आहे ते आकड्यात दिसतं. थोडं खोल गेलं की पुढची पिशवी. आकडा कुठे चढला, कुठे उतरला, मातीचा रंग कुठे बदलला, ओल कुठे लागली, हे सगळं जागेवरच वहीत. तुमच्या लेकीनं दोन दिवस पाहिलं ते हे.

पेट्रोल पाण्याहून हलकं. टाकीला किंवा पाइपच्या जोडाला गळती लागली की ते मुरमातून खाली झिरपतं आणि भूजलाच्या पातळीवर तवंगासारखं साचतं. त्यातलं बेन्झिन, टोल्युइन अशी रसायनं थोडी थोडी पाण्यात विरघळतात आणि पाण्याच्या वाटेनं पुढे निघतात. कुठून गळलं, किती खोल गेलं, कुठल्या दिशेला चाललंय आणि वाटेत कुणाची विहीर आहे, हे शोधून काढायचं. त्यासाठी लागतात किमान तीन नळ्या. प्रत्येकीच्या तोंडाची उंची मोजायची, आत पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि पाण्याचा उतार कुणीकडे आहे ते काढायचं. पाण्यावर तवंग किती जाड आहे हे सांगणारी वेगळी पट्टी असते. पाणी काढायला लांबट, बारीक पोहरा असतो. त्याला बेलर म्हणतात, पण आहे पोहराच.

हे झालं पुस्तकातलं. वाळूच्या, गाळाच्या जमिनीत बरंचसं असंच चालतं. आपल्याकडे वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, खाली काळा पाषाण. पाणी चालतं ते भेगांतून, सांध्यांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीच्या आसपास. त्यामुळे पंपाला लागून असलेली बोअरवेल स्वच्छ निघते आणि दोनशे मीटरवरच्या विहिरीला वास येतो, असंही होऊ शकतं. तीन नळ्यांनी काढलेली दिशा इथे बिनदिक्कत फसवते. शिवाय पावसाळ्यात पाणी वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं, त्याबरोबर तवंगही वर-खाली होतो आणि मधल्या सगळ्या मातीला फासला जातो. एकाच ऋतूतले नमुने घेऊन निकाल देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. विहिरी खणणाऱ्या जुन्या माणसाला विचारलं तर झरा कुठल्या अंगानं फुटला होता ते तो सांगेल, आणि कधी कधी ती माहिती यंत्राइतकीच मोलाची असते. दख्खनच्या खडकात वाढलेली, मराठीत बोलून माहिती काढू शकणारी मुलगी इथे दोन पावलं पुढेच असते.

पंपवाल्याबद्दलही एक सांगतो, कारण गावात एव्हाना त्याला चोर ठरवलं गेलं असेल. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चारेक लिटर जातात, वर्षाला दीड हजार. पंपावर डिप घेतात, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजतात, विक्रीशी ताळा घालतात; पण हजारो लिटरच्या टाकीत उन्हानं होणारी वाढ-घट आणि उडून जाणारं पेट्रोल यांत चार लिटर सहज लपतात. त्याला खरंच माहीत नसेल. तरी नुकसान केवढं, हा हिशेब लेकीकडून करून घ्या. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेन्झिन १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे साधारण ८ ते ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की कळतं, एका लिटर पेट्रोलमधलं बेन्झिन आठ लाखांहून जास्त लिटर पाणी बिघडवायला कागदावर पुरेसं आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी याच कामात आहे. तिच्या पहिल्या महिन्यातला प्रसंग मी हल्ली बहुतेक मुलांना सांगतो. पाण्याचे नमुने ४० मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत भरतात, आणि आत हवेचा एक बुडबुडाही चालत नाही. वाफ त्या हवेत शिरते आणि आकडा खोटा येतो. बाटली तोंडापर्यंत भरायची, पाण्याला वर फुगवटा येऊ द्यायचा, झाकण लावायचं, उलटी करून बोटानं टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ओतून दे, नवी बाटली घे. हे ती पहिल्याच दिवशी शिकली. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. त्यांच्यासोबत एक कोरी बाटलीही असते. लॅबमध्येच शुद्ध पाण्यानं भरलेली. साइटवर जाते, परत येते, वाटेत कधीच उघडत नाही. तिच्यात काही निघालं तर ते वाटेत शिरलं, म्हणजे बाकीच्या बाटल्यांवरही भरवसा नाही. लॅबचा निकाल आला तेव्हा त्या कोऱ्या बाटलीतही पेट्रोल निघालं. गाडीच्या डिकीत ड्रायव्हरनं जनरेटरसाठीचा कॅन ठेवला होता, पेटीला खेटून. आठ दिवसांचं काम रद्द. आणि ते रद्द का करायचं, हे अहवालात हिनंच सहीनिशी लिहायचं. साहेब म्हणाले, कोऱ्या बाटलीचा उल्लेख गाळला तर चालेल का बघ. हिनं गाळला नाही. ती कंपनी तिनं पुढे सोडली, पण या क्षेत्रात टिकली.

लेकीचं या कामात खरंच मन आहे का, हे यावरून तपासा. दोन दिवस यंत्रामागे फिरणं कुणालाही आवडतं. आपल्याच नमुन्यावर शंका घेणं, ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ असं चिडलेल्या गावकऱ्यांसमोर आणि पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकासमोर सारख्याच आवाजात म्हणणं, हे सगळ्यांना झेपत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. नुसत्या बीएस्सीवर या कामात मदतनीस म्हणून घेतील, पुढे अडेल. एम.एस्सी. हवीच. ‘पर्यावरण’ हा शब्द पदवीत आहे म्हणून भुलू नका. मला विचाराल तर तिनं जिऑलॉजीच घ्यावं आणि त्यात भूजल हा विषय पक्का करावा. एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेचा जिऑलॉजीचा पेपर दिला तर आयआयटी मुंबईचं अप्लाइड जिऑलॉजी आहे. नाही जमलं तर पुणे आणि नागपूर विद्यापीठांतले विभाग आहेत. केमिस्ट्री मायनर आहे ते सोन्यासारखं आहे, कारण लॅबचा निकाल वाचता येणारे जिऑलॉजिस्ट कमी. नकाशे करायचं सॉफ्टवेअर, क्यूजीआयएस, फुकट मिळतं. ते आजपासून शिकता येईल.

पगाराचं गोडगोड सांगत नाही. फक्त गळक्या टाक्यांवर पोट भरेल एवढं काम आज भारतात नाही. अमेरिकेत १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाला आणि तेव्हापासून साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या. म्हणून तिथे हा मोठा व्यवसाय आहे. आपल्याकडे दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम २०२५ मध्ये आले. काम वाढेल असं मला वाटतं, पण त्या भरवशावर घर बांधू नका. सध्या खासगी सल्लागार कंपन्यांचं बरंचसं काम निघतं ते कारखाना किंवा जमीन विकत घेण्याआधीच्या तपासणीतून. चाकण, रांजणगाव पट्ट्यात परदेशी कंपन्या ती करून घेतात. सुरुवातीचा पगार आयटीतल्या भाचरांशी तोलू नका, हिरमोड होईल. सरकारी वाट हवी असेल तर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातून केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजिस्ट होता येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, पुण्यात मुख्यालय. भूजलाचा पाया पक्का असला की टाक्या नसल्या तरी दुष्काळ आहेच. आपल्याकडे त्याचं काम कधी संपलेलं नाही.

बी.एड.ला माझा विरोध नाही. शिकवायची आवड नसताना ‘सुरक्षित’ म्हणून केलेल्या बी.एड.ला आहे.

मुलीला जमेल का? जमतं. अडचणी खऱ्या आहेत, त्या झाकत नाही. यंत्रावर बहुधा सगळे पुरुष, साइटवर बाथरूम नाही, कधी रात्री नऊपर्यंत काम, मुक्काम लॉजवर. मुलाखतीत तिनं बेधडक विचारावं, साइटवर दुसरी बाई असते का, गाडी कुणाची, मुक्काम कुठे. उत्तर देताना जे अडखळतील तिथे जाऊ नये. तब्येतीचं म्हणाल तर हातमोजे, गरज पडली तर मास्क आणि भोकाच्या ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला उभं राहणं, एवढी शिस्त पाळणाऱ्या कंपनीत धोका आटोक्यात राहतो. शिस्त नसेल तर पगार कितीही असो, नको.

शेवटी तिला एक काम द्या. गावातल्या वास न येणाऱ्या पाच विहिरी निवडायच्या. आधी मालकाला विचारायचं. दर रविवारी सकाळी प्रत्येक विहिरीच्या कठड्यावरची एकच खूण धरून, टेपला वजन बांधून, पाणी किती खोल आहे ते मोजायचं. वहीत तारीख, वेळ, आकडा, मोटर चालू होती का. दिवाळीपर्यंत. सहाव्या रविवारी पाऊस असताना ती छत्री घेऊन निघाली तर मला कळवा, पुढच्या प्रवेशाचं आपण सविस्तर बोलू. एकटीला कठड्यावर वाकू देऊ नका. टेपचं दुसरं टोक धरायला तिच्या वडिलांना पाठवा.