रात्रपाळीला माणसं किती? ज्येष्ठ निवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

आई ८१ वर्षांची, चालती-फिरती, नाशिकला एकटी राहते. पुण्याजवळची दोन ज्येष्ठ निवासं पाहून आलो. दोन्ही स्वच्छ, दोन्हीकडे बाग, देऊळ, वाचनालय. दरही साधारण सारखेच. निवडायचं कशावरून? – वाचक, नाशिक

तुम्ही बहुधा सकाळी अकरा-बाराला गेला असणार. त्या वेळी सगळीच निवासं चांगली दिसतात. आता पुन्हा जा, न कळवता, संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. मदतनिसांची ड्युटी बऱ्याच ठिकाणी बारा तासांची असते आणि पाळी याच सुमारास बदलते. रात्रपाळीच्या मावश्या किती आल्या ते मोजा, त्या मजल्यावर राहणारे किती ते विचारा. ‘आमच्याकडे वीस जणांचा स्टाफ आहे’ या आकड्यात माळी, स्वयंपाकी, ड्रायव्हर सगळे येतात. पहाटे तीनला आईला बाथरूमला जायचं असेल तेव्हा जागं कोण असेल, एवढाच आपला प्रश्न. हजेरीपट दाखवायला काचकूच केली तर तेही उत्तरच समजा.

मग बाथरूम बघा, तेही नमुन्याच्या खोलीतलं नको, ज्यात कोणी राहतंय त्यातलं, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. खिशात मेजरिंग टेप असू द्या. दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटीमीटर हवी. चाकाची खुर्ची साधारण ६५ सेंटीमीटर रुंद असते, आणि आपल्याकडच्या इमारतींत बाथरूमची दारं सर्रास दोन-सव्वादोन फुटांचीच असतात. खुर्ची दारातच अडते, मग माणसाला उचलून आत न्यावं लागतं आणि त्यात दोघंही पडतात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं असावं. आत उघडत असेल आणि आई दारामागेच पडली, तर बाहेरून ढकलताही येत नाही. कडी बाहेरून उघडता येते का तेही पाहा. कमोडशेजारच्या आधाराच्या दांड्याला सगळं वजन टाकून लोंबकळून बघा, लाजू नका. टॉवेलची नळी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, आणि रबरी चकतीने टाइल्सना चिकटवलेला दांडा तर दांडा नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबतो. मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपर्यंत लोंबत असावी, पडलेल्या माणसाचा हात कमरेच्या उंचीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही. घंटी वाजवा आणि घड्याळ बघा.

जेवणाची चव तुम्ही पाहिलीच असेल, आता वेळा विचारा. रात्रीचं जेवण सात वाजता आणि नाश्ता साडेआठला, म्हणजे मध्ये साडेतेरा तास. आईला मधुमेह असेल, रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन असेल, तर साखर पहाटे उतरण्याची भीती असते. झोपताना दूध किंवा काही खायला देतात का? रात्री खोलीवर ग्लुकोमीटर घेऊन कोण येतं? साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, हे रात्रीच्या मावशीला येतं का? मॅनेजरला नको, मावशीलाच विचारा.

सगळ्यात शेवटी तो प्रश्न, जो दोन्ही बाजू टाळतात: आई अंथरुणाला खिळली तर ठेवून घ्याल का? बऱ्याच निवासांच्या नियमांत ‘स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांसाठी’ असं एक वाक्य असतं. म्हणजे मांडीचं हाड मोडून आई हॉस्पिटलमधून परत आली की ‘आता तुमची सोय बघा’. ८१ व्या वर्षी तुम्ही आजची नव्हे, पुढच्या चार-पाच वर्षांची जागा शोधताय. ठेवून घेतो म्हणाले, तर सध्या झोपून असलेल्यांना, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून, दर दोन तासांनी कुशीवर वळवल्याची नोंद दाखवा म्हणावं. तक्ता कोरा असला, किंवा आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात असल्या, तर समजून जा. दोन निवासांत फरक पडतो तो इथे, बागेत नाही.

एका ठिकाणी पाच लाख डिपॉझिट मागितलंय, वर दरमहा ४०,००० रुपये. करारात काय बघावं? – वाचक, ठाणे

डिपॉझिट ‘परत मिळेल’ एवढं लिहिलेलं पुरत नाही. किती दिवसांत, कशापोटी किती कापून आणि कोणाच्या खात्यात, या तिन्ही गोष्टी हव्यात. दरवर्षी ठरावीक टक्के कापत जाण्याची अट काही ठिकाणी असते, ती वेगळ्या पानावर सापडते. पहिल्या महिन्यात मन रमलं नाही तर काय आणि निधन झालं तर काय, ही दोन कलमं वेगवेगळी असावीत. नॉमिनीचं नाव करारातच घाला.

दरवाढीचं कलम म्हणजे खरा खर्च. वर्षाला दहा टक्के वाढ असेल तर आजचे ४०,००० पाच वर्षांनी ६४,४०० होतात. पेन्शन त्या वेगाने वाढत नाही.

मग ४०,००० मध्ये काय नाही, याची यादी मागा. डायपर, खासगी मदतनीस, फिजिओथेरपी, एसीचं वीजबिल, डॉक्टरांची भेट, अॅम्ब्युलन्स, हॉस्पिटलमध्ये सोबतीला पाठवलेल्या माणसाचे पैसे. पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचे पैसे पूर्ण लागतात का? सध्या तिथे राहणाऱ्या, मदतीची गरज असणाऱ्या एखाद्याचं मागच्या महिन्याचं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगा. माहितीपत्रकापेक्षा ते जास्त बोलतं.

जीएसटीचं एक ध्यानात ठेवा. धर्मादाय म्हणून प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात, साठीपुढच्या व्यक्तीकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेत असतील, तर त्यावर जीएसटी नाही. संस्था ट्रस्ट आहे म्हणजे कर माफच, असं नाही. तुम्हाला सांगितलेला दर करासकट की कर सोडून, हे लिहून घ्या.

ज्येष्ठांसाठीच्या संकुलात फ्लॅट विकत घ्यावा का? बिल्डर सांगतो, सगळ्या सोयी आयुष्यभर मिळतील. – वाचक, कोल्हापूर

फ्लॅट तुमच्या मालकीचा होईल, सोयी नाही. त्या वेगळ्या सेवा-करारानुसार एखादी कंपनी देते, आणि ती कंपनी गेली तर पुढे कोण, हे खरेदीखतात नसतं. तो करार किती वर्षांचा, कंपनी बदलायचा अधिकार सोसायटीला आहे का, आणि डायनिंग हॉल व वैद्यकीय कक्षाच्या जागेची मालकी सोसायटीकडे की बिल्डरकडे, हे वकिलाकडून तपासून घ्या. वारसाचं वय पन्नास असेल तर त्याला फ्लॅट मिळतो, पण राहता येत नाही, अशी अट अनेक संकुलांत असते. तो भाड्याने द्यायचा तरी साठीपुढचाच भाडेकरू शोधावा लागतो, आणि विकताना गिऱ्हाईक कमी.

इमारतीपुरतं मात्र तुमच्या हातात काही आहे. महारेराने (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले: ९०० मिलिमीटरची दारं, चाकाची खुर्ची सगळीकडे जाईल अशी रचना, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, लिफ्ट. या गोष्टी विक्रीकरारात आहेत का पाहा. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, ते स्वतः उभं राहून बघा.

वडील पुण्यात, ७६ वर्षांचे, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. मी न्यू जर्सीत. एक निवास ‘डिमेन्शियाचेही घेतो’ म्हणतं. कागदपत्रांचं काय करू? – वाचक, न्यू जर्सी

कागदपत्रांपासूनच सुरुवात करा, कारण वेळ तिथेच कमी आहे. अमेरिकेत माणसाचं भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करता येतं. भारतात तसं नाही. करार कायद्याप्रमाणे, ते देणारा भानावर राहिला नाही की साधं मुखत्यारपत्र संपतं. पुढे पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. वडिलांना आज काय सही करतोय ते समजतंय, तोवर बँकेची खाती भारतातल्या विश्वासू व्यक्तीबरोबर संयुक्त करून घ्या, नॉमिनी तपासा, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा, आणि ते करताना भान ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. अतिदक्षता, व्हेंटिलेटर याबद्दल त्यांची इच्छाही लिहून घेता येते. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. सत्तरीपुढच्यांना सरकारी आरोग्य योजनेच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. निवासाजवळचं कोणतं हॉस्पिटल त्या योजनेच्या यादीत आहे ते पाहून ठेवा. रात्री दोन वाजता ऑपरेशनच्या संमतीवर सही कोण करणार? ते नाव पुण्यातलंच लागेल.

‘डिमेन्शियाचेही घेतो’ म्हणजे फाटकाला कुलूप, एवढाच अर्थ असू शकतो. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते. त्या वेळी काय करतात, ते विचारा. ‘डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय’ हे पहिलंच उत्तर आलं तर सावध व्हा. कॉटला बांधतात का, हेही सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी आणखी एक गोष्ट माहीत असते: कालपर्यंत बरा असलेला माणूस आज एकदम भरकटला, तर ते बहुतेकदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा नवं औषध यामुळे असतं. आधी तपासण्या, मग गोळी.

आत्याला मूलबाळ नाही. तिचा खर्च मी करतो. नातेवाईक म्हणतात, फ्लॅट आताच नावावर करून घे. – वाचक, सांगली

करून घेऊ नका. तुमच्याही हिताचं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचं हस्तांतर, सांभाळ न झाल्यास प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण रद्द करू शकतं. उद्या दुसऱ्या कोणी आत्याला पुढे करून अर्ज केला तर तुम्ही प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढत बसाल. याच कायद्यात, अपत्यहीन ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाला मिळणार, त्याच्यावर निर्वाहाची जबाबदारीही टाकली आहे. फ्लॅट आत्याच्याच नावावर राहू दे. तो लीव्ह अँड लायसन्सने द्या, करार नोंदवा (महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे), भाडं तिच्या खात्यात घ्या आणि निवासाचे पैसे तिथूनच जाऊ द्या. तुम्हाला द्यायचं असेल तर ती मृत्युपत्रात लिहील.

पैसे नसलेल्यांनी काय करायचं? – वाचक, अकोला

१४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर (एल्डरलाइन) फोन करा, मोफत आहे. निराधार ज्येष्ठांसाठीच्या वृद्धाश्रमांची माहिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातही मिळते. मुलं असून बघत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. तिथे सहसा वकील लागत नाही.

सगळं ठरलं, पण आई ‘नाही’ म्हणते. – वाचक, सोलापूर

मग ठरलेलं नाही. पूर्ण डिपॉझिट न भरता महिनाभर राहून बघायची सोय बरीच निवासं देतात, ती घ्या आणि घर तसंच ठेवा. निदान सहा महिने विकू नका, भाड्यानेही देऊ नका. परत येता येतं, हे कळलं की माणूस जायला तयार होतो. खोली तिने निवडावी, तुम्ही नव्हे. आणि ‘फक्त आठ दिवसांसाठी’ असं खोटं सांगून नेऊ नका. नवव्या दिवशी ती जेवण सोडते, आणि मग निवास कितीही चांगलं असो, काही उपयोग नाही.

बरोबर काय द्यायचं? स्वतःची उशी, देवघरातला एखादा देव, चालू औषधं मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सगळ्या साड्या-गाऊनवर नावाची पट्टी शिवा, एकत्र धुलाईत कपडे हमखास बदलतात. कवळीच्या डबीवर आणि कानाच्या यंत्राच्या डबीवरही नाव घाला. मंगळसूत्र-पाटल्या घरी, आणि घातल्याशिवाय ती राहणारच नसेल, तर प्रवेशाच्या दिवशी दागिन्यांचे फोटो आणि वजन लिहून ऑफिसची सही घ्या.