इंटिरियरचा माणसाच्या वागण्यावर खरंच परिणाम होतो का? हॉलला कोणता रंग दिला तर मन प्रसन्न राहील?

होतो ना. पण रंगाच्या शेडकार्डवर एवढं डोकं लावताय ते आधी आवाजावर लावा.

आमचा डोंबिवलीचा वन बीएचके. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून दादाने हौसेने हॉल नवा करून दिला, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं सीलिंग, काचेचा टीपॉय, ग्लॉसी लॅमिनेटचं टीव्ही युनिट. आईचे जाड पडदे, सतरंजी, दिवाणावरची गोधडी, सगळं 'जुनाट दिसतं' म्हणून माळ्यावर. फोटो झकास आले. आणि महिन्याभरात घरात रोज भांडण. बाबांना आधीच कमी ऐकू येतं, ते टीव्ही ३८ वर लावायचे, आई किचनमधून ओरडायची, हे इकडून "काय?" म्हणून ओरडायचे, मग "माझ्यावर ओरडायचं काम नाही" यावरून दोन दोन दिवस अबोला. वहिनी म्हणे वय झालं की होतंच असं. एकदा डास मारायला मी टाळी वाजवली तर टाळीच्या मागोमाग टर्रर्र असा आवाज घुमला, रिकाम्या फ्लॅटमध्ये घुमतो ना तसा! टाइल, काच, पीओपी आवाज फारसा शोषत नाहीत, परत फेकतात, मग एका शब्दाचं घुमणं संपायच्या आत दुसरा त्यावर चढतो आणि म्हाताऱ्या कानांना नुसता कालवा ऐकू येतो.

पडदे, सतरंजी, गोधडी परत खाली आणली. टीव्ही २२ वर आला. दादा अजून म्हणतो तो फरक कानाच्या मशीनमुळे. मशीन तीन महिन्यांनी घेतलं रे बाबा, बिल आहे माझ्याकडे.

याला पुरावा काय असं कोणी विचारेल, तर आवाजाचं नाही पण खिडकीचं सांगतो. रॉजर उलरिख नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापलं होतं, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, पेनकिलरचे कडक डोसही त्यांना कमी लागले. पेशंट ४६च होते, म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, पण खिडकी झाकून टीव्ही युनिट ठोकणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही.

सगळीच भांडणं टाइल्समुळे होत नाहीत हे मलाही कळतं. आणि घरात दमा असेल तर सतरंजी नको, धूळ बसते, पडद्यांवर भागवा, तेही धुवत राहा.

रंग म्हणाल तर ऑफ व्हाइट द्या. नाही आवडला तर परत मारता येतो, पीओपी फोडायला माणसं लावावी लागतात. काचेचा टीपॉय आहे अजून, दादा येणार असला की बाहेर काढतो.