लिंबोळीचा अर्क लागू पडला नाही? आधी लिंबोळी फोडून बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की पाच टक्के निंबोळी अर्क करून कपाशीवर दोनदा मारला, तरी तुडतुडे आणि मावा जागचे हलले नाहीत. पुढे जाता जाता दोन गोष्टी सांगून गेलात: लिंबोळ्या गेल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या गोणीत भरून ठेवल्या होत्या, आणि अर्क लवकर उतरावा म्हणून पाणी उकळून घेतलं. दुखणं तिथंच आहे.

अर्क फवारणीच्या आदल्या रात्री भिजत घालतात हे खरं, पण तो चांगला निघणार की वाया जाणार हे जूनमध्येच ठरतं. पिवळी पडलेली लिंबोळी झाडाखालून रोजच्या रोज वेचायची. चार दिवस पावसात पडून राहिली की बुरशी आलीच. पाण्यात चोळून गर काढायचा, बिया सावलीत पातळ पसरून खडखडीत वाळवायच्या आणि बारदानात भरून हवेशीर जागी ठेवायच्या. कीड रोखणारं मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. ऊन, उष्णता आणि फार खारं-सोड्याचं पाणी त्याला सोसत नाही. मीही पहिल्या वर्षी युरियाच्या रिकाम्या पिशव्यांत दोन पोती भरून ठेवली होती. दिवाळीत तोंड सोडलं तर कुबट वास आणि काळी ढेकळं. सगळं उकिरड्यावर गेलं.

आता प्रमाण. 100 लिटर फवारणीला टरफल काढलेल्या बियांची पाच किलो भरड लागते. टरफलासकट कुटणार असाल तर जवळजवळ दुप्पट घ्या. भरड रव्यासारखी हवी. फार बारीक केली की तेल सुटून गोळा होतो. (पिठाच्या गिरणीवर नेऊ नका, गिरणीवाला उभा करणार नाही. घरच्या मिक्सरचं तर नावच काढू नका, महिनाभर चटणी कडू लागते.) भरड नऊ लिटर साध्या पाण्यात संध्याकाळी भिजवा. दुसरीकडे एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून ठेवा. सकाळी काडीनं ढवळून फडक्यातून दोनदा गाळा आणि चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा पिळा. साबणाचं पाणी मिसळून अर्क दहा लिटर भरला की पंधरा लिटरच्या पंपाला दीड लिटर पडतो. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, फेस येत नाही. मग थेंब पानावर पसरत नाही, ओघळून जातो. जमलं तर विहिरीचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

अर्क त्याच दिवशी संपवायचा आणि फवारणी ऊन उतरल्यावरच. सकाळी दहाला मारलेला अर्क दिवसभर उन्हात तापतो. शिवाय संध्याकाळी मधमाश्याही फुलांवर नसतात. तुडतुडे, मावा पानाच्या खालच्या अंगाला बसतात, म्हणून नोझल खालून वर धरा. वरवर ओली केलेली कपाशी दिसते छान, उपयोग काही नाही.

आणि फवारल्यावर तासाभरात मेलेल्या किडी शोधू नका. लिंबोळीचा तो धर्मच नाही. किडीची खाण्यावरची वासना उडते, कात नीट टाकता येत नाही, अंडी घालणंही कमी होतं. चौथ्या दिवशी नवीन पानं बघा. कडा मुरडायच्या थांबल्या असतील तर अर्क लागला. प्रादुर्भाव हाताबाहेर गेल्यावर मात्र याच्या भरवशावर राहू नका, आणि बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तर हा पोहोचतच नाही. पीक लहान असतानाच, दहा-बारा पानांवर तुडतुडे दिसायला लागले की पहिली फवारणी घ्या.

दुकानात 300, 1500 आणि 10000 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग अझाडिरॅक्टिन) तयार बाटल्या मिळतात. नड पडली तर घ्या, पण प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, तेव्हा लेबल वाचून. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या गटात असाल तर आधी गटात विचारा.

उरलेल्या गोणीतल्या दहा-वीस बिया आजच फोडून बघा. आतला गर हिरवट-पिवळसर असला तर उद्या थंड पाण्यात भिजवून पुन्हा मारा. काळपट, कुबट निघाला तर त्यावर साबणसुद्धा वाया घालवू नका. काय निघालं ते फोटोसकट इथंच टाका.