प्ले स्टोअरवरची फसवी कर्ज-अ‍ॅप्स कशी ओळखायची? तक्रार करून काही होतं का?

तक्रार कराच. ताऱ्यांवर मात्र अजिबात विसंबू नका.

2021 मध्ये माझ्या मावसभावाने असंच एक अ‍ॅप स्टोअरवरूनच घेतलं. पगार अर्ध्यावर आला होता, घरभाडं थकलं होतं. कर्ज पाच हजारांचं, हातात जेमतेम तीन. बाकीचे 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापलेले. मुदत सात दिवस. अ‍ॅपला चारच्या वर तारे होते, कारण पैसे जमा होताच ते रेटिंग मागायचं. वसुलीचा अनुभव यायच्या आधीच लोक कौतुक करून मोकळे. मुदत संपण्याआधीच शिवीगाळ सुरू झाली. मग फोनमधल्या नंबरांवर त्याचा फोटो गेला, खाली 'चोर' लिहून. मालकाला, सासऱ्यांना, मुलीच्या शाळेतल्या बाईंना, मला, दाजींना.

दाजी म्हणाले, "कॉन्टॅक्ट्सची परवानगी त्यानेच दिली ना?" दिली, कारण नाही म्हटलं की अ‍ॅप पुढे सरकतच नव्हतं. अशा होकाराला मी परवानगी मानत नाही. भेसळीचं तेल विकणाऱ्या दुकानदाराला 'गिऱ्हाइकाने बघून घ्यायला हवं होतं' म्हणून कुणी सोडतं का? रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021 च्या सुरुवातीलाच निरनिराळ्या स्टोअरांवर सुमारे 1100 कर्ज-अ‍ॅप्स दिसली होती, त्यांतली 600 बेकायदा. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्सना हात लावायचा नाही हा बँकेचा नियम आला सप्टेंबर 2022 मध्ये, आणि गूगलने स्टोअरवर तशी बंदी लागू केली 31 मे 2023 पासून. तोवर किती घरं पोळली!

ओळखायचं असं: कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या, पण नोंदणी असलेल्या वित्तसंस्थेचं) नाव अ‍ॅपमध्ये हवं, ते रिझर्व्ह बँकेच्या यादीत तपासा. हप्ता भलत्याच कुणाच्या यूपीआयवर मागितला तर थांबा. साठ दिवसांच्या आत पूर्ण फेड मागणारं कर्ज गूगलच्या धोरणातच बसत नाही, तेवढ्यावरही रिपोर्ट करा. पण आधी डेव्हलपरचं नाव, ईमेल, यूपीआय आयडी आणि धमक्या यांचे स्क्रीनशॉट घ्या. अ‍ॅप स्टोअरवरून गेलं की ही माहितीही जाते. मग 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा.

सगळीच कर्ज-अ‍ॅप्स फसवी नसतात, हेही खरं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकने एपीके (स्टोअरबाहेरून येणारी अ‍ॅपची फाइल) टाकलं असेल तर स्टोअरकडे रिपोर्ट करून उपयोग नाही.

राहिला दाजींचा मुद्दा. भावाच्या फोनमधल्या नंबरांत त्यांचाही नंबर होता. त्यांची परवानगी कोणी घेतली होती?