घराजवळच्या शाळेची पायरी चढलीस का?

मेरीलँडमधल्या रॉकव्हिलहून एका आईचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, त्यातला गाभा तिच्याच शब्दांत देते.

"ताई, मुलगा सातवीत आहे, २०२७ मध्ये नववीत जाईल. हे घर घेतलं तेव्हापासून डोळ्यांसमोर एकच होतं : ब्लेअर हायस्कूलचं मॅग्नेट (विज्ञान-गणिताचा, निवडून प्रवेश देणारा कार्यक्रम), नाहीतर रिचर्ड माँटगोमेरी हायस्कूलचं आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम). दोन वर्षं गणिताचा क्लास लावला, त्यासाठी रविवारची मराठी शाळासुद्धा बंद केली. आता आमची माँटगोमेरी काउंटी (म्हणजे जिल्हा) म्हणते शाळांचे सहा विभाग करणार, प्रत्येक विभागात सगळे कार्यक्रम देणार आणि मुलांनी आपापल्या विभागातच अर्ज करायचा. ऐन आमच्या मुलाच्या वर्षी! नशीबच फुटकं. नाही मिळालं तर त्याला त्या जवळच्या शाळेत घालावं लागेल. हे म्हणतात शेजारच्या व्हर्जिनियात जाऊ, तिथे टीजे (थॉमस जेफरसन हे विज्ञानाचं नावाजलेलं हायस्कूल) आहे. मला रात्र रात्र झोप नाही. शिवाय ऑक्टोबरात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, त्यांचं मन इथे कसं रमवायचं? आणि मुलगा मराठीत बोलेनासा झालाय."

तू मला ताई म्हटलंस, म्हणून तुला 'तू'च म्हणते. आधी हे सांगते की तुझी झोप उडाली यात काही वावगं नाही. आपण सगळे इथे आलो ते परीक्षा देत देत. चौथीची स्कॉलरशिप, सातवीची स्कॉलरशिप, दहावीचा बोर्डाचा निकाल, मग अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या भिंतीवर लागायच्या त्या गर्दीत शिरून आपला नंबर शोधायचा. पहिल्या यादीत नाव आलं तर पेढे, तिसरीत आलं तर घरात सुतक. ज्याच्या आयुष्याला अशा यादीने वळण दिलं, त्याला यादीच बदलतेय म्हटल्यावर पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटणारच.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "त्या जवळच्या शाळेत घालावं लागेल." त्या शाळेचं नावसुद्धा तू लिहिलं नाहीस. चार पानांत ब्लेअर नऊ वेळा आलंय, मी मोजलं. ज्या शाळेवर तुमच्या घराचा पत्ता हक्काने नेऊन सोडतो, तिचं नाव एकदाही नाही. तू त्या शाळेत कधी गेली आहेस का? आत, वर्गात? माझा अंदाज आहे, नाही. मला हे अंदाजाने कळतं, कारण मीही गेले नव्हते. माझी चूक पुढे सांगतेच.

त्याआधी मॅग्नेट ही काय चीज आहे ते नीट समजून घे. आपल्या लोकांना वाटतं की हुशार मुलांना निवडून वेगळं काढण्यासाठी सरकारने ही शाळा काढली. तसं नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवलं, तरी वस्त्या वेगळ्याच होत्या, त्यामुळे शाळाही वेगळ्याच राहिल्या. मग बळजबरीने बसमधून मुलं इकडून तिकडे नेण्याऐवजी एक युक्ती निघाली : ज्या शाळेत बाहेरची मुलं यायला राजी नाहीत तिथे असं काही शिकवायचं की ती आपणहून येतील. मॅग्नेट, म्हणजे चुंबक, म्हणायचं ते म्हणून. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावात १९६८ मध्ये एका प्राथमिक शाळेत हे झालं, ती देशातली पहिली मॅग्नेट शाळा मानतात. ब्लेअरचं मॅग्नेट १९८५ चं. आपल्या काउंटीतल्या सिल्व्हर स्प्रिंग आणि टाकोमा पार्कच्या भागात गोरी कुटुंबं कमी होत चालली होती. तिथल्या शाळेकडे काउंटीच्या बाकी भागातली मुलं ओढून आणायला विज्ञान, गणित आणि संगणकाचा तो कार्यक्रम मुद्दाम तिथे ठेवला. म्हणजे बघ, तू ज्या ब्लेअरची स्वप्नं बघतेस, तीसुद्धा कुणाची तरी "ती जवळची शाळा"च आहे. आजही तिथे तीन हजारांवर मुलं शिकतात, त्यांतली मॅग्नेटमधली थोडी. बाकीची आपल्या पत्त्याने येतात, आणि त्यांनाही आया आहेत.

आता काउंटीच्या बदलाबद्दल. सहा विभाग करण्यामागचं म्हणणं असं की आज ठरावीक दोन-तीन ठिकाणीच चांगले कार्यक्रम आहेत, लांबच्या मुलांना ते मिळत नाहीत, जागा थोड्या, अर्ज फार. यात तथ्य आहे. आणि ब्लेअरच्या, आयबीच्या पालकांचं, माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं असं की चाळीस वर्षांत जमवलेलं एका फटक्यात सहा ठिकाणी वाटलं तर पातळ होईल. यातही तथ्य आहे. मला विचारशील तर खरा प्रश्न शिक्षकांचा आहे. तिथल्या शिक्षकांनी अभ्यासक्रम स्वतः लिहिले, वर्षानुवर्षं घासून नीट केले. दही विरजणाने लागतं. एका भांड्यातलं चमचा-चमचा विरजण सहा भांड्यांत घातलं तर सहाही भांड्यांत दही लागू शकतं, पण दूध कोमट हवं आणि रात्रभर भांडं हलवायचं नाही. घाईने पाणी घालून वाढवलं तर ताकच होणार. म्हणून बोर्डाला, म्हणजे काउंटीच्या शिक्षण मंडळाला, विचारायचं ते हे : प्रत्येक विभागात हे विषय शिकवणारी माणसं कोण, त्यांना तयार करायला किती वेळ दिलाय, पहिल्या वर्षी कोणते वर्ग खरोखर भरणार आणि कोणते कागदावरच राहणार, बस कुठून सुटणार.

"आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, आमचं कोण ऐकणार," असंही तू लिहिलंयस. इथे मात्र तुला रागवणार आहे. बोर्डाच्या निवडणुकीत तुला मत नाही, खरंय. पण बोर्डासमोर बोलायला किंवा पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही. आणि तुला हे ठाऊक नसावं की तुमच्या घरात एक मतदार आहे. आपल्या काउंटीच्या शिक्षण मंडळावर एक विद्यार्थी सदस्य असतो, त्याला सहावी ते बारावीची मुलं निवडून देतात, आणि तो जवळपास सगळ्या विषयांवर बाकीच्या सदस्यांच्या बरोबरीने मत देतो. तुझ्या सातवीतल्या मुलाला त्यात मत आहे. बोर्डासाठी मत तुला नाही, मलाही कित्येक वर्षं नव्हतं, पण त्याला आहे. त्याने कुणाला मत दिलं, का दिलं, हे एकदा जेवताना विचार. मॅग्नेटबद्दल त्याचं काय म्हणणं आहे तेही विचार, कारण तुझ्या चार पानांत त्याच्या तोंडचं एक वाक्य मला सापडलं नाही.

आता माझी गोष्ट, कारण नुसता उपदेश केला तर तुला पटायचा नाही.

माझी मोठी मुलगी एका मॅग्नेटमध्ये गेली. तेव्हा हायस्कूल ७:२५ ला भरायचं. थंडीत काळोखात तिला मी बसथांब्यावर सोडायचे, ती बसमध्ये झोपायची, संध्याकाळी येऊन पुन्हा झोपायची, मग रात्री दीडपर्यंत अभ्यास. शिकली छान, शिक्षक अप्रतिम मिळाले, आजही त्यांची नावं ती आदराने घेते. पण आमच्या गल्लीत तिला एकही मैत्रीण उरली नाही. एकदा आमच्याच रस्त्यावरच्या मुलीच्या वाढदिवसाचे फुगे दाराला लागलेले बघून म्हणाली, "आई, ती कोणत्या शाळेत आहे गं?" दोघी पाचवीपर्यंत एका बाकावर होत्या.

धाकट्याचं त्याच ठिकाणी झालं नाही. पत्र आलं त्या दिवशी मी फोनवर पुण्याला बहिणीला म्हटलं, "त्याचं काही झालं नाही गं." तो जिन्यात उभा होता. हे वाक्य मला परत घेता येत नाही. पुढचे सहा महिने मी त्याच्या शाळेत पाऊल टाकलं नाही. सप्टेंबरातल्या बॅक-टू-स्कूल नाइटला, पालकांनी शिक्षकांना भेटायच्या संध्याकाळी, सुद्धा गेले नाही, सुट्टी असूनही. मोठीच्या वेळी नवऱ्याला काम सोडून यायला लावलं होतं.

मार्चमध्ये त्याला ताप आला म्हणून आणायला गेले, तेव्हा पहिल्यांदा आतलं बघितलं. ऑफिसात वाट बघताना एक रसायनशास्त्राच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच का त्याच्या आई? आणि पंधरा मिनिटं माझ्या मुलाबद्दल बोलत राहिल्या. तो वर्गात कोणते प्रश्न विचारतो, कुणाला समजावून सांगतो, कुठे घाई करतो. माझ्या मुलाबद्दल त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

मग मी जायला लागले. पालक-शिक्षक-विद्यार्थी संघाच्या बैठकीला पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. एवढ्या मोठ्या शाळेला अकरा! त्यातले एक इथिओपियाचे गृहस्थ, टॅक्सी चालवायचे, मुलगी गणितात अतिशय हुशार. एक एल साल्व्हादोरची बाई, दोन ठिकाणी काम करून यायची. आम्हा तिघांची मुलं अकरावीतच एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस संपवणार होती आणि पुढचं काही शाळेत नव्हतं, कारण वर्ग भरण्याइतकी मुलं नव्हती. आम्ही प्राचार्यांकडे गेलो, एकदा नाही, चारदा. शेवटी बारावीत मुलांना काउंटीच्या माँटगोमेरी कॉलेजात संध्याकाळी पुढचं गणित घ्यायला मिळालं. न्यायचं-आणायचं आम्ही वाटून घेतलं. टॅक्सीवाल्या काकांच्या वाराला मुलं सगळ्यांत खूश, कारण ते वाटेत मुलांना इथिओपियातल्या गोष्टी सांगायचे.

हे मी का सांगतेय? मॅग्नेटच्या पालकांची संघटना भक्कम असते, मेलवर मेल येतात, निवेदनं तयार होतात. आपल्या लोकांची सगळी ताकद तिकडे जाते. जवळच्या शाळेत आपल्यातलं कुणी फिरकत नाही, आणि मग आपणच म्हणतो, तिथे काही नाही. माझ्या वडिलांनी माझ्या भावाला आठवीत साताऱ्याहून पुण्याला मामाकडे ठेवलं, चांगल्या शाळेसाठी. मी गावातल्या कन्याशाळेत राहिले. तिथल्या बाईंनी मला भूमिती शिकवली ती अशी की आजही मला सिद्धता लिहायला आवडते. भाऊही मोठा झाला, त्याचं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण मामाकडच्या त्या वर्षांबद्दल तो अजून बोलत नाही.

तेव्हा पुढच्या महिन्याभरात एवढं कर. ज्या शाळेचं नाव तू लिहिलं नाहीस तिच्या प्राचार्यांना मेल कर आणि बघायला जा. विचार : किती एपी विषय आहेत, त्यांतले गेल्या वर्षी खरोखर चालले किती? कॅल्क्युलसनंतर काय? दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? नाटक, वाद्यवृंद, वादविवाद, काय आहे? मुलाला बरोबर ने, त्याला ग्रंथालयात दहा मिनिटं एकटं सोड. आणि मग नव्या विभागातल्या कार्यक्रमालाही अर्ज जरूर करा. मी त्याला नको म्हणत नाही. मिळालं तर आनंदाने जाऊ दे. पण दुसरं दार काळोखी आहे असं समजून त्याने अर्ज करू नये.

व्हर्जिनियाबद्दल यजमानांना सांग, टीजेसुद्धा १९८५ चीच, आणि तिथेही २०२० मध्ये प्रवेशाची पद्धत बदलली. प्रवेश परीक्षा रद्द केली, प्रत्येक मिडल स्कूलला काही जागा राखल्या. त्यावर पालक कोर्टात गेले, अपिलात हरले, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. घर विकून एका बदलातून उठून दुसऱ्या बदलात जाऊन बसायचं, त्यासाठी आजच्या दराचं कर्ज काढायचं, आणि मुलाने नववीत नव्या गावात एकटं डबा खायचा. नका करू.

मराठी शाळा पुन्हा सुरू कर. क्लासपायी ती बंद केलीस हे चुकलं, एवढंच म्हणते. घरात तू मराठीत बोल, त्याने इंग्रजीत उत्तर दिलं तरी.

सासूबाईंसाठी गरम मोजे, चांगले बूट आणि प्रवासाचा आरोग्य विमा, हे ऑक्टोबरच्या आधी. आणि दुपारी त्या घरात एकट्या बसणार असतील तर त्या जवळच्या शाळेच्या पालक संघाला विचार, भाषा येत नसली तरी हाताला कामं असतात. माझ्या सासूबाईंनी धाकट्याच्या शाळेच्या नाटकासाठी सोळा झगे शिवले होते, इंग्रजीचा एक शब्द न बोलता. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा विमानतळावरूनच विचारत होत्या, यंदा नाटक कधी आहे.