वाचकांचे प्रश्न : साथ आली की वृद्धाश्रम कोणाच्या बळावर चालतो?

प्रश्न : आमचे विश्वस्त मंडळ एक छोटा वृद्धाश्रम चालवते. करोनाच्या काळात निम्म्या सेविका येईनाशा झाल्या आणि सारा भार उरलेल्यांवर पडला. जादा माणसे कायमची नेमणे आम्हाला परवडत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर काय करावे?
— एक विश्वस्त, फोंडा

उत्तर : २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि देशात ते केरळच्या खालोखाल होते. म्हणजे ही अडचण आपल्या एकट्या आश्रमाची नाही. सेविका का आल्या नाहीत, हे मात्र आधी वेगवेगळे करून पाहावे. आजारी पडलेली, घाबरलेली आणि २५ मार्च २०२० पासून बसच बंद झाल्याने घरी अडकलेली, या तिघींची गैरहजेरी हजेरीपटावर सारखीच दिसते. पण शेवटच्या दोन प्रकारच्या सेविकांना आश्रमातच राहण्याजेवणाची सोय, पुरेसे मास्क आणि पोहोचवणारी गाडी मिळाली असती, तर त्यांतल्या बऱ्याच जणी आल्या असत्या.

किती माणसे कमी पडतील याचा अंदाज हवा असेल, तर चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुटीचे दिवस आठवा. त्या आठवड्यात आपला आश्रम किती जणींवर चालतो, कोणती कामे अडतात आणि कोणती चुपचाप गाळली जातात, हे यंदा लिहून ठेवा. बहुधा गाळले जाते ते भरवणे आणि कूस बदलणे. गिळायला त्रास होणाऱ्या आजीला वाटीभर पेज भरवायला अर्धा तास सहज लागतो. घाई केली की घास श्वासनलिकेत जातो आणि साथीचा विषाणू आश्रमात शिरलेला नसतानाही न्यूमोनिया होतो. म्हणून माणसे मोजण्यापेक्षा कामाचे तास मोजावेत, आणि स्वयंपाकी, माळी, कार्यालयातील कारकून यांना भरवण्याचे व उचलून बसवण्याचे शिक्षण साथ नसतानाच परिचारिकेकडून द्यावे.

आता नेतृत्वाविषयी, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. साथ मंडळाच्या बैठकीसाठी थांबत नाही. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांचा प्राणवायू घसरला, तर त्यांना बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवायचे की नाही, हे कोणालाही न विचारता ठरवण्याचा आणि त्यासाठी खर्च करण्याचा अधिकार आश्रमात हजर असलेल्या एका व्यक्तीकडे लेखी असला पाहिजे. तीच व्यक्ती आजारी पडली तर पुढे कोण, हेही त्याच कागदावर हवे. नातेवाइकांचे फोन, देणग्या आणि सरकारी पत्रव्यवहार हे काम विश्वस्तांनी अंगावर घ्यावे; अधीक्षिकेने दिवसभर फोनवर उत्तरे देत बसणे त्या काळात कोणालाच परवडत नाही.

प्रश्न : मी दिवसा एका वृद्धाश्रमात काम करते आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी एका आजोबांची सोबत करते. ताप आला तर सांगायची भीती वाटते, कारण खाडा झाला की पगार कापतात. दोन ठिकाणी काम करते हेही मी सांगितलेले नाही. काय करू?
— एक सेविका, डिचोली

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही, आणि हा दोष आपल्या एकटीचा तर मुळीच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील शुश्रूषागृहात करोनाची मोठी लागण झाली. लक्षणे असताना कामावर आलेले आणि एकाहून अधिक संस्थांत काम करणारे कर्मचारी, ही लागण पसरण्याची दोन कारणे तेथील तपासात नोंदवली गेली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याने एकाच संस्थेत काम करावे असा आदेश काढला आणि त्याबरोबरच कमी पगार देणाऱ्या संस्थांतील वेतन वाढवून सर्वांना एका पातळीवर आणले. नुसती बंदी घातली असती तर कर्मचाऱ्यांची निम्मी कमाई बुडाली असती आणि दुसरी नोकरी लपवली गेली असती. पगारी आजारपणाची रजा हा उपकार नसून संसर्ग रोखण्याचा खर्च आहे, हे मालकवर्गाने समजून घ्यायला हवे.

दोन्ही ठिकाणी खरे सांगा, आणि ते साथ नसतानाच सांगा. चार सहकारी मिळून रजेची मागणी लेखी केलीत तर ती टाळणे कठीण जाईल. आणखी एक गोष्ट आपल्याच हाती आहे. करोनात कित्येक वृद्धांना ताप येतच नाही. जेवण सुटते, बोलणे असंबद्ध होते, नेहमी चालणारा माणूस पडतो. डॉक्टर येण्याआधी हे आपल्याला दिसते. दिसताच वेळेसह वहीत लिहा, ऑक्सिमीटर लावा आणि प्राणवायूचा आकडा ९४ टक्क्यांच्या खाली असेल तर लगेच वर कळवा.

प्रश्न : आईला भेटायला महिनोन्महिने बंदी होती. तसे करणे योग्य होते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सुरुवातीचे काही आठवडे, होय; महिनोन्महिने, माझ्या मते नाही. नेदरलँड्सने मे २०२० मध्येच २६ शुश्रूषागृहांत प्रत्येक रहिवाशासाठी एकच ठरलेला नातेवाईक, मास्क आणि अंतर या अटींवर भेटी पुन्हा सुरू करून पाहिल्या, आणि त्या पहिल्या आठवड्यांत भेटींमुळे लागण झाल्याचे आढळले नाही. माणसे कमी असताना असा नातेवाईक भरवण्यालाही हातभार लावतो. आश्रमाकडे आपले नाव ‘ठरलेली भेटकर्ती’ म्हणून आजच नोंदवण्याची विनंती करा आणि ती लेखी ठेवा.